पंचांनी पाहिल्याशिवाय

आमच्या गावात पाणी सोडण्याचं काम माझ्याकडे आहे. कोणत्या आळीला नळ किती वाजता सोडला, किती वाजता बंद केला, हे मी बावीस वर्षं वहीत लिहितो. त्याखाली दिवसभरात जे पाहिलं, ते दोन ओळींत. शिक्षण सातवी, अक्षर मात्र स्वतःच घोटून घोटून वळणदार केलेलं. त्या अक्षरापायीच पोलीस ठाण्याचे जमादार मला पंचनाम्याला पंच म्हणून न्यायचे. "प्रेमानंद, तुमची सही कागदावर शोभते," म्हणायचे.

जानेवारीत एका मंगळवारी खालच्या आळीचा व्हॉल्व्ह बंद करून उठलो, तर समोर नर्मदाबाई उभी. तिचा प्रभू सहा वर्षांपासून तुरुंगात आहे. त्याचा चुलता नामाजी माळावर, मेंढरांच्या वाडग्यात, कुऱ्हाडीनं मारला गेला. खून प्रभूनं केला असं ठरलं आणि जन्मठेप झाली. अपील आता संभाजीनगरच्या खंडपीठात सुनावणीला आलं होतं.

सगळी शिक्षा एका घोंगडीवर उभी होती. प्रभूची घोंगडी, रक्तानं भिजलेली, प्रेताच्या डोक्याशी सापडली असं पंचनाम्यात लिहिलेलं. खाली माझी सही. नर्मदाबाईचं म्हणणं, ती घोंगडी पोलिसांनी दुसऱ्या दिवशी तिच्या घरातल्या दोरीवरून नेली होती.

"पंच," ती म्हणाली. गाव मला भाऊ म्हणतं, ती पंच म्हणते. "तुमी बघितली का तिथं घोंगडी? व्हय का न्हाई, येवढंच सांगा."

मला सांगता येईना, कारण मी तिथे गेलोच नव्हतो. जुलै होता. ओढा भरून चाललेला, जीप अलीकडेच थांबली. मला मेलेलं माणूस बघवत नाही. जमादार म्हणाले, बसा गाडीत. ते, शिपाई आणि फोटोवाला पाण्यातून पलीकडे गेले आणि दोन तासांनी लिहिलेले कागद घेऊन आले. मी जीपच्या बॉनेटवर सही केली. पुढे कोर्टात "मी स्वतः पाहिलं" असं तीनदा सांगितलं. माझ्या त्या दिवशीच्या वहीत मात्र खरं ते आहे.

हे मी तिला सांगून टाकलं. ती तिथेच खाली बसली. म्हणाली, "सहा वर्सं हे पोटात ठिवून पाणी सोडून राहिले तुमी."

तिनं वकीलबाईंना फोन लावून माझ्या हातात दिला. राजनंदिनी मॅडम म्हणाल्या, शुक्रवारी या, शपथपत्र करू; त्यावर नवा पुरावा घेण्याचा अर्ज देता येईल. खोट्या साक्षीबद्दल माझ्यावर खटला होऊ शकतो, नोकरी जाऊ शकते, हेही त्यांनी लपवलं नाही. मी येतो म्हणालो.

शपथेवर लिहायचं तर नीट लिहावं. जीपपासून वाडगं किती लांब, तिथून दिसतं का, हे पाहायला मी बुधवारी दुपारी चार वाजता माळावर गेलो. ओढा कोरडा ठणठणीत होता. पलीकडे चढ, आणि चढामागे ते वाडगं. कुंपणाच्या काट्या लोकांनी कधीच जळणाला नेलेल्या. दगडांचं एक कडं उरलं होतं. नामाजीची मेंढरं त्याच वर्षी विकली गेली, तेव्हापासून तिकडे कोणी कळप बसवत नाही.

तरी तिथे ओल्या लोकरीचा वास होता.

ऊन होतं. पाचही वाजले नव्हते. मी कड्याच्या आत पाय टाकला आणि रवंथ ऐकू आला. एका जनावराचा नव्हे, शंभरेक तोंडांचा, सावकाश, चारी बाजूंनी. जनावर एकही नव्हतं. मग सगळी तोंडं एकदम थांबली.

"आले का... पंच?"

आवाज जमिनीलगतून आला. थकलेला, रागाचा नव्हे. मी नामाजीच्या डोक्याशी उभा होतो. तो माझ्या पुढ्यात पडलेला होता. चेहऱ्याचं मी वहीत लिहिलेलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

"लई टाइम लावला... पंचानं बघितल्याबिगर उचलता येत न्हाई म्हणले. तवापासून पडून हाय..."

मला पळता आलं नाही. खिशातून वही निघाली, पेन निघालं.

"बघा... बराबर बघा."

मी वाकून पाहिलं आणि लिहिलं. डोकं दक्षिणेकडे. उजवा हात छातीवर. डाव्या पायात वहाण नाही. पायाखालची जमीन मऊ होत गेली होती, चिखल घोट्याशी आला होता. आणि मागून माझ्या पोटऱ्यांना काहीतरी खरखरीत, ओलं लागत होतं. घोंगडी असेल... मेंढरूही असेल. वळून पाहिलं असतं तर कळलं असतं.

मी वळलो नाही. शेवटची ओळ लिहून सही केली, तेव्हा पुढ्यात नुसतं वाळलेलं गवत होतं. ओढ्याशी येऊन पाय पाहिले. कोरडे होते.

हे मी कोणाला बोललो नाही. शपथपत्रात त्याची गरजही नव्हती. त्या जुलैत मी गेलो नव्हतो, एवढं खरं पुरेसं होतं.

शुक्रवारी नर्मदाबाईला घेऊन पहाटेच्या गाडीनं निघालो. मॅडमनी शपथपत्र तयार ठेवलं होतं. मी पेन उघडलं, तोच त्या म्हणाल्या, थांबा. मूळ रेकॉर्डमधल्या घटनास्थळाच्या फोटोंची रंगीत प्रत कालच मिळाली होती. आजवर सगळ्यांनी पाहिल्या त्या झेरॉक्स, नुसते काळे डाग. त्यांनी एक फोटो माझ्यापुढे सरकवला.

"तुम्ही म्हणता, गेलाच नाहीत. मग हे कोण?"

फोटोवर सहा वर्षांपूर्वीची तारीख होती. पावसाचं आभाळ, चिखल, नामाजी पडलेला. त्याच्या डोक्याशी एक माणूस वाकून वहीत लिहितो आहे. केस पांढरे. तेव्हा माझे केस काळे होते. अंगात लाल काठाचा निळा स्वेटर. तो माझ्या मुलीनं, आकांक्षानं, त्याच जानेवारीत हिंगोलीहून आणला होता.

मॅडमनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्या अंगातल्या स्वेटरकडे. हलक्या आवाजात म्हणाल्या, हा अर्ज आता देता येणार नाही. सरकारी वकील हाच फोटो पुढे करतील. तुमची जुनी साक्षच खरी धरतील.

"आन् घोंगडी?" नर्मदाबाईनं विचारलं.

मॅडमनी नकारार्थी मान हलवली. घोंगडी जिथे होती म्हणतात, ती जागा फोटोत माझ्या पायांमागे झाकली गेली होती.

नर्मदाबाईनं फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. पदरानं पुसला, खिडकीच्या उजेडाकडे धरला. मी शेजारीच बसलो होतो, पण ती माझ्याकडे वळली नाही.

"पंच," ती फोटोला म्हणाली, "जरा बाजूला सरा की."