शटर उघडं असेपर्यंत

भुताखेतांना रात्रच लागते असं कुणी सांगितलं? ही गोष्ट भर दुपारची आहे, आणि तिची सुरुवात झाली एका जिलेटिनच्या कागदापासून. डिसेंबरातल्या एका शनिवारी श्रुती लखनौच्या अमीनाबाद बाजारातल्या गर्दीत धक्के खात गेली, टॉर्चच्या काचेवर लावायचा निळा जिलेटिन कागद शोधून घेऊन आलमबागच्या घरी आली आणि तो बाबांच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "बाबा, कल चलते हैं. तहखाने में."

विश्वासरावांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. मूळचे साताऱ्याचे, रेल्वेत इंजिनीअर म्हणून लखनौला आले आणि इथलेच होऊन गेलेले. उन्हाळ्यात त्यांची बायको, सुहासिनीबाई, गेली. तेव्हापासून कॅमेरा पिशवीतून बाहेर आला नव्हता. वाढलं तर जेवायचे, म्हटलं तर उठायचे. श्रुतीला दुसरं काही नको होतं. बाबांनी एकदा, फक्त एकदा कॅमेरा हातात घ्यावा, म्हणजे ते पुन्हा माणसांत येतील, एवढीच तिची आस होती.

आता या घरातलं कॅमेऱ्याचं प्रकरण सांगायला हवं. मिट्ट काळोखात कॅमेरा स्टँडवर लावायचा. वायरच्या टोकाचं बटण दाबून धरलं की शटर उघडं राहतं. अंगठा उचलला की मिटतं. मधल्या वेळात कुणीतरी टॉर्च घेऊन अंधारात हिंडायचं. जिथं जिथं उजेड पडेल ते सगळं कॅमेरा गोळा करत जातो. विश्वासराव बटण धरत आणि टॉर्च सुहासिनीबाईंच्या हातात असे. फोटोखाली नाव लागे नवऱ्याचं, पण खरं सांगायचं तर फोटो काढत ती बाई.

काय हात होता तिचा! काळा सलवार-कमीज, पायात नुसते मोजे, कॅमेऱ्याकडे पाठ आणि टॉर्च अंगाआड. भिंतीला चुना द्यावा तसा ती उजेड देत जायची. कुठं थर नाही, कुठं डाग नाही. कोरीव वेलीवर उजेड समोरून न टाकता बाजूनं टाकायची, म्हणजे एकेक पान भिंतीतून वर उठून यायचं. हात फिरे तिथे लक्ष्मी वसे म्हणतात. बाईंचा हात फिरे तिथे पडक्या कोठीत नवाबी परत यायची. आणि हे सगळं दुपारच्या वेळात, कारण रात्री बाहेर राहिलं तर उद्याची भाजी कोण निवडणार? म्हणून तर त्यांनी एका कोठीचं, म्हणजे जुन्या हवेलीचं, तळघर शोधलं होतं. तिथं बाराही महिने, दिवसाही, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नसे.

या कामात एक गंमत असते. जो सतत हलत राहतो, तो फोटोत उमटत नाही. बाई कधी थांबल्याच नाहीत. त्यामुळे त्या गेल्या तेव्हा हजारो फोटोंत हार घालण्याजोगा त्यांचा एकही निघाला नाही. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून भिंतीवर लावला, आणि त्यात त्या कुणा दुसऱ्याच बाईसारख्या दिसतात.

रविवारी श्रुतीनं बाबांना जवळजवळ ओढतच नेलं. वस्तीच्या पलीकडे, धुक्यात उभी असलेली ती जुनी कोठी. चौकीदारानं कुलूप काढलं, दोघांच्या मागे वाकून पाहिलं आणि विचारलं, "मैडम नहीं आईं, साहब?" दोघं पायऱ्या उतरले. ओल्या चुन्याचा आणि वटवाघळांचा वास येत होता. दार लोटल्यावर अंधार अंगाला चिकटला. विश्वासरावांनी चाचपडतच स्टँड उभा केला, कॅमेरा बसवला, वायर जोडली. हात काही विसरले नव्हते. श्रुतीला अंधारात रडू आलं, आणि ते कुणाला दिसत नाही याचं बरंही वाटलं.

"उघडलं," बाबा म्हणाले.

श्रुती उजवीकडच्या कमानीपाशी गेली आणि टॉर्च फिरवू लागली. तिचा हात म्हणजे झाडू मारल्यासारखा.

"हळू... खालून वर... हं." बाबांचा तो जुना आवाज तिनं किती दिवसांनी ऐकला! ते सांगतील तसं ती करत गेली.

"आता डावीकडची वेल घे."

श्रुती वळली.

"तू नाही गं, बाळा. तू तुझी कमान कर."

तिचा टॉर्च तिथंच थबकला. डावीकडे काळोख होता, नुसता काळोख. तिथं उजेडाचा ठिपकासुद्धा नव्हता. मग त्या काळोखात गुडघा वाजला. कट्. आई खाली बसताना वाजायचा तसा. पाठोपाठ गुडघ्याला चोळायच्या मलमाचा वास आला... तिखट, ओळखीचा.

"अशीच ये वर," बाबा हळूच म्हणत होते. "महिरपीवरच्या माशांच्या जोडीवर बाजूनं घे... वा. वा, सुहास."

श्रुतीनं टॉर्च विझवला. भिंतीला हात लावत लावत ती बाबांपाशी पोचली.

"बाबा... हो गया. बटन छोड़ दीजिए."

"थांब. तिचं राहिलंय."

"बाबा, प्लीज..."

"सोडलं की संपलं ना गं," ते म्हणाले. त्या आवाजात इतकी काकुळती होती की तिचं काळीज हललं. तिनं त्यांचा अंगठा धरून उचलायचा प्रयत्न केला. तो बर्फासारखा गार होता आणि जागचा हलेना. लेन्ससमोर टॉर्च लावला असता तर फोटो पांढराफटक पडून सगळंच तिथं संपलं असतं. तिला ते सुचलंही. पण उन्हाळ्यापासून पहिल्यांदा हा माणूस जिवंत झाला होता; त्याच्या डोळ्यांवर टॉर्च कसा मारायचा?

डावीकडची चाहूल जवळ आली. अगदी जवळ. दमलेला, मायेचा, दबका आवाज...

"अहो, सोडा आता... हात दुखेल. येते मी."

अंगठा उचलला गेला. खट् करून शटर मिटलं.

दोघांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. उजवीकडे श्रुतीची कमान होती, डागाडागांची. आणि डावीकडे सबंध भिंत निळ्या उजेडात उजळून निघाली होती. वेलीचं पान न् पान, महिरपीवरच्या माशांचं खवलं न् खवलं, इतकं नाजूक की श्वास लागला तर हलेल असं वाटावं. आईनं आयुष्यात इतकं सुंदर काम केलं नव्हतं. श्रुतीनं खिशात हात घातला. निळा कागद तिथंच होता, घडीसुद्धा न मोडलेला. तिला भीती वाटत होतीच, पण भीतीहूनही जास्त, काय सांगावं, आईचा अभिमान वाटत होता.

वर आल्यावर टपरीवर बाबांनी चहा मागून घेतला, वर समोसाही खाल्ला. मग एकदम म्हणाले, "येते म्हणाली."

"बाबा, वो तो सब जाते हुए ही बोलते हैं ना. आईच मला ओरडायची, जाते म्हणू नये, येते म्हणावं."

"ते खरं गं. पण म्हणाली येतेच ना?" आणि ते हसले.

त्या हसण्यापुढे श्रुतीनं वाद घातला नाही. एका शब्दानं माणूस उभा राहत असेल, तर राहू दे की. बोलायची रीत ती, तिचा अर्थ कुणी धरून बसतं का?

सोमवारी ती स्कूटरनं गोमती नगरच्या ऑफिसला गेली. दुपारी बाबांचा फोन आला, जुन्या चादरी कुठे ठेवल्या आहेत ते विचारायला. बाबांनी आपण होऊन काहीतरी विचारलं, याचाच तिला केवढा आनंद झाला. पलंगाच्या पेटीत आहेत, तिनं सांगितलं.

संध्याकाळी घराचं दार उघडलं तर आत गुडुप अंधार. खिडक्यांवर चादरी ठोकलेल्या. आतल्या खोलीतून बाबांचा आवाज येत होता. "हळू... हं... आता वरून खाली."

तिचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला.

"श्रुती, दिवा लावू नकोस! शटर उघडं आहे."

"कब से, बाबा?"

"दुपारपासून."

तिला हवं होतं ते मिळालं होतं. बाबांनी कॅमेरा हातात घेतला होता. तिचं बोट बटणावर तसंच राहिलं. एक दाब दिला की घरभर लख्ख उजेड होणार होता.

"बाबा... हात दुखेल. सोडा ना आता."

"आता नाही सोडत गं," बाबा लाडानं म्हणाले. "आली आहे ती."

तेवढ्यात तिच्या समोरूनच, हाताच्या अंतरावरून, कुणीतरी दमल्या आवाजात म्हणालं, "बूट बाहेर काढ गं. आत्ताच पुसलंय."

श्रुतीनं बटणावरचं बोट काढलं. मग वाकून ती बुटांच्या नाड्या सोडू लागली. टेकलेल्या हाताला फरशी ओली लागली.