परश्वास

चहाच्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि नेमगोंडा मगदूमच्या वाफनळीत दिवसभरासाठी फक्त चार झुरके उरले होते. बारापैकी आठ संपले तरी कधी, हे त्याचं त्यालाच आठवेना. कारखान्यातले चोवीस माग एकामागून एक थांबले, आणि अंगावरचा कापूस झटकत माणसं बाहेरच्या कट्ट्यावर येऊन बसली.

वाफनळी म्हणजे करंगळीपेक्षा जराशी जाड नळी. तोटीत एक फुंकर मारायची. आतली बारीक जाळी त्या फुंकरीतले वायू तपासते. माणसाच्या श्वासात शेकडो वायू मिसळलेले असतात आणि त्यांचं प्रमाण ज्याचं त्याचं वेगळं असतं, अंगठ्याच्या ठशासारखं. कायद्यात त्याला ‘श्वासठसा’ म्हणतात. ठसा जुळला की नळी दहा सेकंद उघडते, निकोटिनच्या वाफेचा एक झुरका देते, त्याचा कर बँकेतून कापते आणि पुन्हा मिटते. वर पट्टीवर तांबडी अक्षरं उमटतात : ‘वाफ जीव घेते.’

आधी कित्येक वर्षं वाफेवर सरळ बंदीच होती. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की बंदी घातलेल्या वस्तूवर कर घेता येत नाही. तेव्हा बंदी उठली आणि लोककल्याण सुरू झालं. दर तीन महिन्यांनी रोजचा एक झुरका कमी आणि दर अर्थसंकल्पात झुरक्यामागे एक रुपया जास्त. लोकांची सवय हळूहळू सुटावी, असा उदात्त हेतू. बिडीला मात्र कोणी हात लावला नाही. ती म्हणे गृहउद्योग! वळणाऱ्यांच्या पोटाचा प्रश्न होता, शिवाय त्यांच्या मतांचाही. म्हणजे जी लवकर मारते ती कोपऱ्यावर स्वस्तात मिळणार, आणि जी जरा सावकाश मारते तिच्यावर पहारा. आता बोला!

नेमगोंडाला ही नळी परवडत नव्हती, पण पर्याय नव्हता. तीन वर्षांपूर्वी त्याच्या थुंकीतून रक्त पडलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, “काहीच ओढू नका हे उत्तम. ते जमत नसेल तर वाफेवर या. पण पुन्हा बिडीवर गेलात तर दोन वर्षं, जास्त नाही.” काहीच न ओढणं त्यानं चार वेळा करून पाहिलं. चौथ्या वेळी बायकोच्या अंगावर ताट भिरकावलं आणि मग स्वतःच रडत बसला. वाफेवर मात्र तो टिकला. तीन वर्षांत एक बिडी नाही.

शेजारच्या मागांच्या जोडीवर रमजान मुजावर काम करायचा. दोघांचे माग सव्वीस वर्षं लागून. या कारखान्यातली एक रीत होती : पेटलेली बिडी एकट्यानं संपवायची नाही. दोन झुरके मारायचे आणि शेजारच्याकडे द्यायची. त्याला मागावी लागत नाही, तुम्हाला विचारावं लागत नाही. माग चालू असले की आवाजात बोलणं ऐकू येत नाही, तेव्हा माणसं एकमेकांची विचारपूस अशीच करत. बिडी पुढे न करणाऱ्याशी पुढं कोणी पाणीसुद्धा वाटून प्यायचं नाही.

रमजानलाही वाफनळी हवी होती. तो नोंदणीला तीन वेळा जाऊन आला. नोंदणीसाठी अर्धा मिनिट एकसारखी फुंकर मारावी लागते. तीस वर्षं कापसाचे तंतू छातीत साठवलेला माणूस अर्धा मिनिट कुठून फुंकणार? दहाव्या सेकंदाला खोकला. यंत्र म्हणालं, ‘श्वास ग्राह्य नाही.’ तिन्ही वेळा हेच.

“किती दिस झालं बिडी सोडून?” नेमगोंडानं विचारलं.

“अकरा.” रमजाननं हात पुढं धरला. बोटं थरथरत होती. “सकाळपासनं तीन धागं तुटलं. गाठ बसंना झालीया. दिवाणजी बघून गेला. असंच चाललं तर माग काढून घेतील माझं.”

“पानपट्टीकडं बघू नगंस. दम काढ.”

“दमच तर न्हाई मर्दा, काढू कुठनं?” रमजान हसला आणि हसता हसता खोकला.

नेमगोंडानं फुंकर मारली. नळी उघडली. त्यानं अर्धा झुरका घेतला आणि काही विचार न करता हात उजवीकडे केला. सव्वीस वर्षं तो हात तसाच जात आला होता. नळीवर बारीक अक्षरांत काय काय लिहिलं होतं, पण हाताला वाचता येत नाही. रमजाननं ओढलं आणि डोळे मिटले. मग त्याला खोकल्याची ढास आली, ती सगळी तोटीतच.

नळी किरकिरली. पट्टीवर अक्षरं आली : ‘परश्वास आढळला. नळी नव्वद दिवस बंद. सुनावणीस हजर राहावे.’

“आयला!” रमजान म्हणाला. “हे काय झालं रं?”

श्वासकर कार्यालय कोल्हापूरला होतं. नेमगोंडा तिथं पोचला तेव्हा चार दिवस वाफेविना काढून त्याचं डोकं भणभणत होतं. अधिकारी ऋतुजा सरनोबत. त्याच्या धाकट्या मुलीएवढी पोरगी, बोलायला नम्र. तिनं त्याला पाणी दिलं आणि फाइल उघडली.

“काका, नोंदणी नसलेल्या माणसाला तुम्ही झुरका विकलात, असा आरोप आहे.”

“विकला न्हाई हो बाई. दिला.”

“दिला, असा रकाना नाहीये फॉर्ममध्ये,” ती म्हणाली. “विकला किंवा चोरीला गेला, दोनच आहेत. चोरीला गेला म्हणा आणि त्या माणसाचं नाव सांगा. तुमची नळी आत्ता सुरू होईल. दंड त्याला जाईल.”

“सव्वीस वर्साचा दोस्त हाय माझा. त्याला चोर म्हणू? त्यापेक्षा नव्वद दिस मरतो.” तो उठला.

ऋतुजानं दाराकडे पाहिलं. मग पडदा त्याच्याकडे वळवला.

“हे दाखवायची मला परवानगी नाही. बसा जरा. जाळी फक्त कोणाचा श्वास आहे एवढंच बघत नाही, श्वासात काय आहे तेही बघते. हा दुसरा श्वास बघा. हे तांबडं. फुप्फुसात गाठ असली की काही वायू वाढतात.”

नेमगोंडाला अक्षरं दिसत होती, कळत नव्हती. तांबडा रंग तेवढा कळला.

“मग त्याला कळवा की!”

“कोणाला कळवू? कायद्याच्या दृष्टीनं या श्वासाला मालक नाही. नाव फक्त चोरीच्या रकान्यातच भरता येतं. ते मिळालं तर हा अहवाल त्याच्या मोबाइलवर जाईल आणि तो दाखवला की मोठ्या तपासणीला थेट नंबर. अहवालाशिवाय गेला तर रांग नऊ महिन्यांची आहे. तेवढा वेळ त्यांच्याकडे असेल असं मला वाटत नाही.”

“आन् ह्यो श्वास तुमच्या मशिनीला ग्राह्य न्हवता,” नेमगोंडाचा आवाज चढला. “तीनदा हाकलला त्याला! नोंदणीला अपुरा आणि गुन्ह्याला पुरेसा? ह्यो कुठला न्याय?”

पोरीनं त्याच्या पेल्यात पुन्हा पाणी ओतलं. ती वाईट नव्हती. वाईट माणूस या सगळ्यात शोधूनही सापडत नाही, हीच तर पंचाईत आहे.

“दंड आणि अहवाल एकदमच जाणार?” त्यानं विचारलं.

“एकाच संदेशात.”

नेमगोंडानं पाण्याचा पेला रिकामा केला आणि नाव सांगितलं. रमजान दस्तगीर मुजावर. सांगताना त्याला वाटलं, आपण रमजानचा जीव वाचवतोय. नळी टेबलावरच किरकिरली आणि सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी तो कारखान्यात आला तेव्हा सगळ्यांना सगळं कळलेलं होतं. म्हणजे दंड कळलेला होता. रमजानच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढा दंड, आणि चोरीचा शिक्का. चहाला नेमगोंडा कट्ट्यावर बसला तसे दोघंजण उठून पलीकडे गेले. एक जण मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, “बारा झुरक्यांसाठी दोस्त विकला. स्वस्तात गेला की!”

रमजान टोकाला एकटाच बसून बिडी ओढत होता. सोळा दिवसांची कमाई मातीत. नेमगोंडा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“संदेश वाचलास का पुरा?”

“वाचला की. चोर हाय मी.”

“त्याच्याखाली काय लिवलंय ते वाच. तांबड्या अक्षरांत.”

“तुझा श्वास धोक्यात हाय, त्वरित तपासणी करा,” रमजाननं पाठ म्हणून दाखवलं आणि बिडीचं बंडल त्याच्या तोंडासमोर नाचवलं. “ह्याच्यावर बी तांबड्या अक्षरांत मी मरणार असं लिवलंय. कुजलेल्या फुप्फुसाचा फोटू हाय. तुझ्या नळीवर बी लिवलंय. तीस वर्सं सरकार मला मरणार म्हणून सांगतंय रं. आता कुठल्या तांबड्याला भ्यायचं?”

हे नेमगोंडाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सरकारनं लांडगा आला रे आला असं इतकी वर्षं ओरडून ठेवलं होतं, की खरा लांडगा दारात आला तरी कोणी मान वळवेना.

“ह्ये खरं हाय, रमजान. मी पडद्यावर बघितलं. तुझ्या छातीत गाठ हाय. उद्या मिरजेला चल. तुझं नाव मी त्यासाठी दिलं, नळीसाठी न्हाई.”

“नळीसाठी न्हाई?” रमजान उठून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते आणि त्याचा त्याला राग येत होता. “चोर म्हणालास मला. दंड भरला असता मी, उपाशी ऱ्हाऊन भरला असता. पण तू? दुसऱ्या कुणी केलं असतं तर थुंकलो असतो. नळीसाठी न्हाई म्हणतोस, तर ही घे. ओढ.” त्यानं पेटती बिडी पुढं केली. “धूर घावला की नोंदणी जन्माची रद्द, ठाव हाय की तुला. ओढ. मग मानीन.”

तो रागानं बोलून गेला होता. नेमगोंडा खरंच हात पुढं करेल, असं त्याला स्वप्नातही वाटलं नसणार. कट्ट्यावरचे सगळे बघत होते. नेमगोंडानं बिडी घेतली. डॉक्टरांचं बोलणं त्याला शब्दन् शब्द आठवत होतं, थुंकीतलं ते रक्तही आठवत होतं. त्यानं दोन झुरके ओढले, छाती भरून. गेल्या तीन वर्षांत त्याला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं, आणि त्या बरं वाटण्याचीच त्याला भीती वाटली.

“आता येतोस?”

रमजाननं त्याच्या हातातली बिडी हिसकावली आणि पायाखाली चिरडली. “येडा हायस का रं तू? येडा हायस?” तो ओरडत राहिला. मग त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून पोरासारखा रडला. येतो म्हणाला.

मिरजेच्या छातीच्या दवाखान्यात अहवाल दाखवल्यावर खरोखरच थेट नंबर लागला. गाठ होती. तुरीच्या डाळीएवढी, उजव्या फुप्फुसाच्या खालच्या टोकाला. “पसरलेली नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “सहा महिन्यांनी आला असता तर मी काही करू शकले नसते. नशीब बघा तुमचं!” पाचव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. कापूस खाल्लेली छाती, तरी पठ्ठ्या तरला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला उशाला टेकवून बसवलं. आता बिडीही नको, वाफही नको, असं बाईंनी बजावलं. रमजान म्हणाला की गुंगीच्या औषधात बिडीची आठवणच धुऊन गेलीय.

नेमगोंडा खाटेशेजारच्या स्टुलावर थर्मासमधला चहा ओतत होता. त्या दोन झुरक्यांनंतर सहा दिवस त्यानं काहीच ओढलं नव्हतं. बिडीचा अंश श्वासात पाच दिवस राहतो, असं त्याला कोणी तरी सांगितलं होतं, म्हणून एक दिवस त्यानं वरचा धरला होता. या सहा दिवसांत तो एक मिनिटही नीट झोपला नव्हता. तीन वर्षं झोपवून ठेवलेलं काहीतरी त्या बिडीनं जागं केलं होतं आणि ते आता रात्रंदिवस त्याच्या नरड्याशी बसून होतं. हात असा कापत होता की चहा पेल्यात कमी आणि चादरीवर जास्त पडला.

“अरं, व्हरांड्यात जाऊन नळी वड की,” रमजान म्हणाला. “माझ्यासाठी कशाला जीव मारतोस? मला काय होत न्हाई आता.”

नेमगोंडानं खिशातून नळी काढली आणि त्याच्या हातात दिली. सकाळी जिन्यात त्यानं फुंकर मारून पाहिली होती. पट्टीवर अजून तेच होतं. रमजाननं नळी डोळ्यांजवळ धरली आणि एकेक अक्षर लावत वाचलं.

‘धूर आढळला. नोंदणी कायमची रद्द. निरोगी आयुष्यासाठी शुभेच्छा.’

त्यानं ते पुन्हा एकदा वाचलं. मग नेमगोंडाकडे, त्याच्या कापणाऱ्या हातांकडे, चादरीवरच्या डागाकडे पाहिलं. टाके दुखत असतानाही तो पुढं वाकला आणि त्यानं दोस्ताचं मनगट घट्ट धरलं.

“नेमू,” त्यानं हळूच विचारलं, “मग आता तू काय वडणार रं?”