मंगळावर मुंग्या नाहीत

मंगळावर दिवेलागणीला आकाश निळं होतं. दिवसभर तांबूस असलेलं आभाळ मावळत्या सूर्याभोवती तेवढ्यापुरतं निळसर होतं. नेमक्या त्याच वेळी कृत्तिकाच्या आजोबांच्या घरात भिंतीतून कुणीतरी ठोकू लागायचं.

ठक्. मग बराच वेळ काही नाही. मग ठक् ठक्.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कृत्तिकाने दार उघडून पाहिलं. बाहेरच्या बोगद्यात कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात गेली, तर आवाज झोपायच्या खोलीतून आला. तिथे गेली, तर स्वयंपाकघरातून.

सह्यकडा वसाहतीतली सगळी घरं जमिनीखाली, एका ओळीत होती. मध्यावरच्या उष्णताघरातून (जिथे सगळ्यांसाठी पाणी तापवतात ती जागा) पोलादी नळ निघायचा आणि प्रत्येक घराच्या भिंतींवरून फिरायचा. संध्याकाळ झाली की त्यातून गरम पाणी वाहू लागायचं. त्याच्याशिवाय घर एका रात्रीत बाहेरच्या वाळूइतकं गार पडलं असतं.

कृत्तिकाची आई, रेवती, उष्णताघरातच इंजिनियर होती. त्या संध्याकाळी ती वडिलांकडे आली, पण बसली नाही.

"बाबा, तुमच्या घरात नळावर ताण येतोय. यंत्रांना एवढं कळतं, कुठे ते कळत नाही. तुमचा नळ फुटला तर सगळी ओळ गारठेल."

"कळलं," आजोबा म्हणाले. मग जरा थांबून, "काय म्हणालीस?"

आजोबा धातुशास्त्रज्ञ होते (धातू कसे वागतात याचा अभ्यास करणारे). वसाहत बांधताना एकदा हवेचा दाब अचानक उतरला, आणि तेव्हापासून त्यांच्या कानांचे पडदे कामातून गेले होते. ती ठकठक त्यांनी एकदाही ऐकली नव्हती.

आई त्यांच्या जवळ जाऊन मोठ्याने म्हणाली, "उद्या संध्याकाळपर्यंत कारण सापडलं नाही, तर या घराचं पाणी मला बंद करावं लागेल. तुम्ही सामायिक निवासात राहायला यायचं."

"आणि घर?"

थंड पडलेल्या घरांचं काय होतं ते तिघांनाही माहीत होतं. पाण्याचा थेंब असेल तिथे बर्फ होतो, आणि भिंतींना तडे जातात. मग ते घर बाहेरून कायमचं बंद करतात. या घरात आजीच्या हातचं सगळं जसंच्या तसं होतं. आजीला जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं.

आई गेल्यावर कृत्तिकाने गडूला बोलावलं. गडू म्हणजे घरचा यंत्रमानव. पितळी रंगाचा, गोल पोटाचा. त्याचं कारखान्यातलं नाव लांबलचक होतं. आजीने पहिल्याच दिवशी ते खोडून गडू केलं होतं.

"गडू, आवाज कुठून येतो?"

"सगळीकडून," गडू म्हणाला. "माझे कान हवेतला आवाज ऐकतात. हा आवाज पोलादातून धावतो, हवेतल्यापेक्षा पंधरापट वेगाने. तो सगळ्या खोल्यांत जवळजवळ एकदमच बाहेर पडतो."

"नळात हवा अडकली असेल?"

"हवेचा खळखळाट होतो, ठोका पडत नाही. तरी मी हवा काढून पाहिली."

"मग पाण्याचा धक्का असेल," आजोबा म्हणाले. गडू बोलला किंवा त्याच्याजवळ कुणी बोललं, की त्याच्या छातीवरच्या पाटीवर अक्षरं उमटत, म्हणून तो असला की आजोबांना सगळं कळायचं. "जलाघात म्हणतात त्याला. वाहतं पाणी एकाएकी अडवलं की ते नळाला धडक देतं. धावत्या माणसापुढे दार लावावं तसं."

"माणूस काय करेल?"

"शिव्या देईल. पाणी ठक् म्हणतं."

त्यांनी झडप अगदी हळू उघडून पाहिली, हळू मिटून पाहिली. भिंत आपली ठोकतच राहिली.

कृत्तिका त्या रात्री आजोबांकडेच झोपली. सकाळी ऊन वर जमिनीवर बसवलेल्या काळ्या तावदानांवर पडलं, घर त्या उन्हाने तापू लागलं आणि नळातलं पाणी आपोआप थांबलं. कृत्तिका दूध पीत होती; गडू अजून आतल्या खोलीत होता.

ठक्.

तिने पेला खाली ठेवला आणि आजोबांच्या तळहातावर बोटाने लिहिलं: पाणी बंद, तरी आवाज.

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या भुवया अशा वर गेल्या होत्या.

"म्हणजे पाणी निर्दोष आहे," ते म्हणाले. "संध्याकाळी नळ तापताना ठोकतो आणि सकाळी निवताना ठोकतो. कृत्ते, हा नळच बोलतोय. तापला की तो लांब होतो."

"पोलाद लांब होतं?" तिने पुन्हा तळहातावर लिहिलं.

"सगळंच होतं. वस्तू अतिसूक्ष्म कणांची बनलेली असते ना, ते कण जागच्या जागी थरथरत असतात. उष्णता दिली की जास्त थरथरतात आणि एकमेकांना जरा दूर लोटतात. याला प्रसरण म्हणायचं (तापल्यावर वस्तूचं आकाराने वाढणं). आपला नळ दारापासून शेवटच्या भिंतीपर्यंत संध्याकाळी तुझ्या करंगळीच्या रुंदीएवढा वाढतो. सकाळी पुन्हा आखडतो. म्हणून मी त्याला दाराशी पक्का बसवला, पण पुढे सगळीकडे नुसता भिंतीवरच्या गोल कड्यांमध्ये ठेवला. त्याला सरकायला वाट हवी."

कृत्तिका नळाकडे पाहत राहिली. जन्मापासून पाहिलेला करडा, मुका नळ. तो रोज वाढत होता आणि रोज आखडत होता, आणि कुणालाच माहीत नव्हतं.

"मला दाखवा," ती म्हणाली. मग ते ऐकू जाणार नाही हे आठवून तिने स्वतःच पेन्सिल आणली. प्रत्येक कड्यापाशी तिने एक आडवी रेघ काढली, अर्धी कड्यावर आणि अर्धी नळावर. नळ सरकला तर रेघ तुटणार होती.

आजोबांनी तिचं काम पाहिलं, आणि एक कडं राहिलं होतं तिथे स्वतः रेघ ओढली.

संध्याकाळी आकाश निळं होऊ लागलं. नळातून पाणी सुटल्याची कुजबुज आली. आजोबा स्वयंपाकघरात गेले आणि आजीचं लाटणं घेऊन आले. त्याचं एक टोक त्यांनी नळावर टेकवलं आणि दुसरं दातांत धरलं.

मग ते हललेच नाहीत. कृत्तिकाला वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये. तिने त्यांचा सदरा ओढला. त्यांनी लाटणं काढून तिच्या हातात दिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"ऐक. माझ्या कानांचे पडदे गेलेत, आतला कान शाबूत आहे. आवाज लाटण्यातून दातांत, दातांतून जबड्याच्या हाडात, आणि हाडातून आतल्या कानात. अस्थिवहन (हाडांतून आवाज पोचणं). मला सुचलंच नाही इतके दिवस."

कृत्तिकाने लाटणं दातांत धरलं, आणि तिच्या डोक्याच्या आत एक गाव उघडलं.

खाली कुठेतरी पंप संथ घुमत होता. त्यावर पाण्याची लांबच लांब सळसळ होती. शेजारच्या घरात कुणीतरी भांडं आपटलं. त्याच्याही पलीकडे एक मूल पळत होतं, थांबत होतं, पुन्हा पळत होतं. अगदी दूर, ऐकू येतंय की भास होतोय कळेना इतकं बारीक, कुणीतरी नळावर बोटांनी ताल धरला होता. सह्यकडा वसाहतीतली सगळी माणसं एकाच पोलादी धाग्याला बांधलेली होती, आणि त्या धाग्याचं टोक तिच्या दातांत होतं. बाहेर मैलोन् मैल नुसती लाल, निर्जीव वाळू. आणि इथे एवढी गजबज.

ठक्. तिच्या दातांना झिणझिण्या आल्या.

ती लाटणं घेऊन नळाच्या कडेकडेने निघाली. झोपायच्या खोलीत ठोका मंद होता. ओसरीत जरा ठसठशीत. स्वयंपाकघरात, ओट्याशेजारच्या मांडणीपाशी, तो इतका जोरात बसला की लाटणं सुटता सुटता राहिलं.

तिने रेघा पाहिल्या. दारापासून जितकं दूर जावं तितकी रेघ जास्त तुटायला हवी होती. पण मांडणीशेजारच्या कड्यावरची रेघ जेमतेम तुटली होती. ती पाहतच होती, तेवढ्यात ठक् झालं आणि तिच्या डोळ्यांदेखत नळावरची अर्धी रेघ टुणकन पुढे उडाली.

"इथे कुणीतरी नळाला धरून ठेवलंय," ती म्हणाली. "नळ जोर करतो, जोर करतो, आणि मग एकदम निसटतो. गडू, या डब्यांच्या मागे काय आहे?"

"नळ भिंतीतून कोठीत जातो ते भोक," गडू म्हणाला. "मी ते तपासलेलं नाही. इथले डबे हलवायचे नाहीत, अशी आज्ञा आहे."

"कुणाची?"

गडूने आजोबांकडे पाहिलं. छातीवरची पाटी आजोबांनी वाचली होती.

मांडणीवर आजीचे डबे होते. तिने लावले त्याच क्रमाने, मोठ्यापासून लहानापर्यंत. दारात आई येऊन थांबली होती. तिच्या कमरेला पाणी बंद करायची किल्ली होती.

मग आजोबांनी स्वतः पहिला डबा उचलला आणि ओट्यावर ठेवला. मग दुसरा.

मागे नळ भिंतीत शिरत होता. त्याच्याभोवती बोटभर मोकळी फट असायला हवी होती. ती लगद्याने गच्च बुजवलेली होती. तो लगदा पिवळाधमक होता.

"वसाहतीच्या भांडारात पिवळा लगदा नाही," गडू म्हणाला.

आजोबांनी वाकून वास घेतला. "हळद आहे," ते म्हणाले.

आई जमिनीवरच बसली. "आई... मागच्या दिवाळीच्या आवराआवरीत," ती हळूच म्हणाली. "मला म्हणाली होती, घरभर भोकं ठेवलीत तुझ्या बाबांनी, मुंग्या येतील. मी हसले. म्हटलं, अगं आई, इथे मुंगी नाही. करोडो किलोमीटरमध्ये एक मुंगी नाही."

"मग ती काय म्हणाली?" कृत्तिकाने विचारलं.

"म्हणाली, तुला काय माहीत."

आजोबांना हे ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी गडूच्या पाटीवर वाचलं, आणि ते हसू लागले. बराच वेळ हसत राहिले.

"लगदा ओला होता तोवर नळ सरकत होता," डोळे पुसत ते म्हणाले. "इथल्या कोरड्या हवेत तो हळूहळू वाळला. आता त्याचा दगड झालाय. म्हणून ठकठक इतक्या उशिरा सुरू झाली. मी पाणी आणि झडपा तपासत बसलो होतो, आणि..." ते डब्यांकडे पाहत थांबले.

लगद्यावर अंगठ्याचे ठसे होते. आजीने तो दाबून दाबून बसवला होता, करंजीच्या कडा दाबाव्यात तसा. गडूने बारीक करवत काढली, तेव्हा आई म्हणाली, "मोडू नकोस. नळाच्या कडेने अख्खा काप."

लगद्याची पिवळी कडी दोन अर्धुकांत निघाली. नळाने एकदाच खोल आवाज केला आणि उरलेलं अंतर सरकून गेला. पेन्सिलीच्या रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून जवळजवळ करंगळीभर दूर होते.

सगळे वाट पाहत राहिले. आजोबांनी लाटणं दातांत धरलं. पंप, पाणी, शेजारचं मूल. बाकी काही नाही.

आईने कमरेची किल्ली काढून ओट्यावर ठेवली. तिने एक अर्धुक हातात घेतलं आणि एका ठशावर आपला अंगठा ठेवला. तो नीट बसला.

"आता ही फट अशीच उघडी ठेवायची?" कृत्तिकाने विचारलं.

"मऊ काहीतरी भरता येईल," आजोबा म्हणाले. "नळाला सरकू देईल असं. पण गरज काय? मुंग्या तर..."

"पुढे कधी माती तयार केली तर?" कृत्तिका म्हणाली. "बाहेर झाडं लावली तर?"

आजोबांनी गडूच्या पाटीवरची अक्षरं पुन्हा एकदा वाचली.

"तर मुंग्या आणाव्या लागतील," ते सावकाश म्हणाले. "माती भुसभुशीत कोण करणार? हवा खाली कोण नेणार? झाडं हवीत तर मुंग्या हव्यातच. तुझ्या आजीने जरा घाई केली, एवढंच."

आईने कपाटातून आजीच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा आणला आणि त्याची सैलसर वळी करून नळाभोवती बसवली. मग तिने हळदीचा डबा उघडला आणि कृत्तिकापुढे धरला.

पृथ्वीवरून आलेली हळद चिमूटभरही जपून वापरत. कृत्तिकाने चांगली चिमूट घेतली आणि त्या वळीवर सगळीकडून नीट भुरभुरली.