पटावरची विसावी

वेदांत, तो मोबाईल आधी पालथा घाल. आणि जीना, तू हस खुशाल. सोमवारी दोघं शाळेवर रुजू होणार, इथे वटारला माझ्या घरी राहणार, सकाळी डबा घेऊन निघणार, मुलं घडवणार. चांगलं आहे. मी काही तुम्हाला अडवत नाही. जेम्स मास्तर कुणाला अडवणारा कोण? पण शेवटची चार वर्षं मी ज्या शाळेवर काढली, तिथे घडलेलं एक सांगतो. गोष्ट म्हणून ऐकू नका. जिच्यावर बेतलं तिने मला तोंडाने सांगितलंय, आणि शेवट तर मी समोर उभा राहून पाहिलाय.

उन्नती तिचं नाव. एव्हरशाईन सिटीत आईबापांचा फ्लॅट, वडील मंत्रालयात, पोरगी स्टॅटिस्टिक्स घेऊन पदवीधर. कंपनीत नोकरी लागली होती, ती सोडली आणि तुमच्यासारखीच एका संस्थेतर्फे दोन वर्षांसाठी शिकवायला आली. हायवेच्या पलीकडे, वीटभट्ट्यांच्या अंगाला एक पाडा आहे. पाड्याचं नाव विचारू नका. दोन खोल्या, एक नळ, तोही महिन्यातून दहा दिवस कोरडा. मास्तर मी एकटा. त्यात ही आली. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, ही दिवाळीपर्यंत पळणार. कसली पळते? भिंती रंगवल्या, घरोघर फिरून पोरं उचलून आणली. तिसरीतली जी पोरं अक्षराला घाबरायची ती धडे वाचायला लागली. मला शिकवता येतं असा माझा जो समज होता ना, तो तिने सहा महिन्यांत मोडून काढला. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे तुम्ही तिला वाईट म्हणायची घाई करणार नाही.

शाळेचा पट होता वीस. वीसच्या खाली गेला की असल्या शाळा बंद करणार, अशी तेव्हा सगळीकडे बोलवा होती. बंद झाली तर आमची पोरं हायवे ओलांडून जाणार होती थोडीच! ती घरी बसणार. उन्नतीला रात्री झोप लागायची नाही त्या एका आकड्यापायी.

आणि विसावी होती सोमी. आठ वर्षांची, काळीसावळी, बोलायला कमी. दिवाळी झाली की पाड्यावरची काही माणसं भट्टीवर राहायला जातात, तसे तिचे आईबाप तिला घेऊन गेले. लांब नाही, दहा-बारा किलोमीटर. पण सोमी शाळेतून गेली ती गेली. पट एकोणीस.

उन्नतीने नाव काढलं नाही. हजेरी लावत राहिली. रोज त्या ओळीत खोटी खूण करताना हात अडायचा म्हणे, म्हणून महिन्याच्या पहिल्या तारखेलाच ती सोमीच्या पूर्ण ओळीत खुणा करून मोकळी व्हायची. एकदाच काय ते खोटं, मग महिनाभर तिकडे बघायचं नाही. मला माहीत होतं. मी म्हटलं, "सगळेच करतात." मी स्वतः केलंय.

नोव्हेंबरात सोमीची आई आली. भट्टीजवळच्या शाळेत पोरीला घालायचं होतं. दाखल्यावाचूनही पोराला घ्यायलाच हवं असा नियम आहे, पण तिथल्या मास्तरांनी कॉम्प्युटर उघडला आणि म्हणाले, हिचं नाव तिकडे चालू आहे, रोज हजर दिसते, मग मी कशी घेऊ? शाळा सोडल्याचा दाखला आणा. दाखला दिला की पट एकोणीस. उन्नती म्हणाली, "पुढच्या आठवड्यात या हं, ताई." ती बाई परत आली. चालत. "साहेब नाहीत, सही राहिलीय." साहेब म्हणजे मी. मी आतल्या खोलीत बसलो होतो. तिसऱ्यांदा आली. "परवा नक्की देते." त्या बाईने कधी आवाज चढवला नाही. 'बरं बाई' म्हणायची आणि परत फिरायची.

शाळा नाही म्हणून सोमी दिवसभर भट्टीवरच. माती भिजवायला तिथे मोठा खड्डा असतो, पुरुषभर खोल. तीन डिसेंबरला ती त्यात पडली. संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ताही नाही.

भट्टीच्या मालकाने रातोरात पुरायला लावली. कुठे पुरली ते आईबापालाही धड सांगितलं नाही. आई पोलीस चौकीत गेली तर मालक आधीच येऊन बसलेला. म्हणाला, यांच्याबरोबर पोर नव्हतीच मुळी. यांची पोर पाड्यावरच्या शाळेत शिकते, हजेरी बघा. आता आली पंचाईत. चौकीतून शिक्षण खात्यात फोन गेला आणि ठरलं की शुक्रवारी तेरा तारखेला एक साहेब शाळेत येऊन रजिस्टर बघतील, मुलं मोजतील.

गुरुवारी दुपारी सोमीची आई शाळेत आली. पायरीवर बसली. उन्नतीला तेव्हा कळलं सगळं. बाई रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "उद्या खरा सांगा, बाई. ती शालेत नव्हती, एवढाच सांगा."

उन्नतीने मान हलवली.

ती रात्र मला तारखेसकट पाठ आहे. बारा डिसेंबर दोन हजार चोवीस, मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. तिच्या घरी आईने घट मांडलेला, हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या. "झेरॉक्स काढून येते" म्हणून ती पावणेआठला स्कूटी घेऊन निघाली. मनात एकच. रजिस्टर उघडायचं, सोमीच्या ओळीवर दिवाळीपासून काट मारायची, खाली सही करायची. काय व्हायचं ते होऊ दे. रस्ताभर हेच घोकत गेली, असं मला म्हणाली. मला खोटं वाटलं नाही.

साडेआठला शाळेचं कुलूप काढलं. दिवा लावला. आतून कडी नाही घातली, दार लोटून घेतलं फक्त. टेबलाशी बसून तिने रजिस्टर उघडलं. विसावी ओळ. एक तारखेपासून एकतीसपर्यंत खुणा, एका हाताने, एका दमात केलेल्या. त्यात तीन तारखेची खूण. चारची, पाचची, आजची. पोर मातीत गेली होती आणि इथे रोज हजर होती. तिने पेन उचललं.

आणि मग तिला ते एकोणीस दिसले.

कुणाला अक्षरांचा मेळ नुकताच लागला होता, कुणी परवाच पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं होतं. उद्या शाळा बंद. त्यांचं काय? सोमी तर गेलीच… ती परत येणार आहे का? असं मनात आलं, आणि आपल्याला हे सुचलं तरी कसं म्हणून तिला स्वतःची किळस आली. तरी पेन काही टेकेना. अशी ती बसून राहिली. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं.

दारातून आवाज आला.

"बाई, आत येऊ?"

आता तुम्ही शिकवायला लागाल तेव्हा कळेल. दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतं हे. मास्तर मान वर करत नाही. तोंडातून आपोआप जातं. उन्नतीचंही गेलं.

"ये."

म्हणाली… आणि मग तिच्या लक्षात आलं.

रात्रीचे नऊ वाजत आलेत.

तिने वर पाहिलं नाही. पावलं आत आली. अनवाणी. ओली. तिसऱ्या रांगेशी थांबली. सतरंजीवर कुणीतरी बसलं. पोरं मांडी घालतात तसा आवाज… आणि मग काही नाही.

उन्नती रजिस्टरकडे बघत राहिली. अक्षरं दिसत नव्हती.

खूप वेळाने मान वर केली.

सोमी होती. बसलेली. गळ्यापर्यंत चिखल, केस कपाळाला चिकटलेले. नजर खाली. शाळेत बसायची तशीच.

"बाई… दाखला."

उन्नतीने रजिस्टर मिटलं.

"तिकडं घेत नाय मना," सोमी म्हणाली. "म्हनतात, तुजा नाव शालेत हाय. रोज हजर हाय. आधी दाखला आन."

"तिकडं… कुठे?"

सोमीने हनुवटीने दाराबाहेर दाखवलं. बाहेर अंधार होता.

"खूप पोरां हायती तिकडं. सगली आत बसल्यान. मी एकलीच भायेर. थंडी लागतं, बाई."

उन्नतीने कपाट उघडलं. कसं उघडलं तिला आठवत नाही. दाखल्यांचं पुस्तक काढलं. नाव दोनदा गिरवलं. आईचं नाव. जन्मतारीख. इयत्ता. पुढची ओळ, शाळा सोडल्याची तारीख.

तिथे पेन थांबलं.

दिवाळी लिहायची. एवढंच. तारीख लिहायची, फाडायचं, हातात द्यायचं. पोर जाईल. आईला न्याय मिळेल. आणि सकाळी पट एकोणीस.

सोमी वाट बघत होती. हात पुढे केलेला. छोटा हात… मातीने भरलेला.

आणि उन्नती म्हणाली. ऐका, काय म्हणाली ते. भीतीने अर्धमेली झालेली पोरगी, तरी म्हणाली. वर्गात बोलायची त्याच समजुतीच्या आवाजात.

"सोमी, उद्याचा एक दिवस थांब गं. परवा नक्की देते."

सोमी काही रागावली नाही.

ती अंगावर धावून आली असती, किंचाळली असती, तर बरं झालं असतं, असं उन्नती मला म्हणाली. ते सोसलं असतं. पोरीने नुसता हात मागे घेतला. आईसारखीच मान हलवली.

"बरं, बाई." आणि मग, "मंग मी बसते."

उन्नती पळाली. पुस्तक तसंच, दिवा तसाच, दार उघडं. घरी पोचली तेव्हा हळदीकुंकू उरकलं होतं.

सकाळी मी शाळेत आलो तर दिवा जळत होता. उन्नती आधीच येऊन पायरीवर बसलेली, कालच्याच कपड्यात. मला एका दमात सगळं सांगितलं. मी म्हटलं, "झोप नाही झाली तुझी. तोंड धू." मला तरी काय सुचणार होतं? मी आत जाऊन दाखल्याचं पुस्तक कपाटात टाकलं आणि कुलूप लावलं. हे पण मीच केलं.

अकराला साहेब आले. भला माणूस, खोटं न चालणारा. मुलांना रांगेत बसवलं. उन्नतीने मनात मोजली, मीही मोजली. एकोणीस. ती पुढे झाली. आता ती सांगणार होती, मी तिचा चेहरा बघत होतो. "सर," म्हणाली, "सोमी दिवाळीपासून…"

"एक मिनिट, मॅडम, मोजू द्या." साहेब बोट नाचवत रांगांमधून गेले. तिसऱ्या रांगेत दोन मुलांच्या मधे जागा होती, एका पोराएवढी. मुलांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी ती सोडली होती. साहेबांचं बोट त्या जागेवरही टेकलं. त्यांनी परत फिरून दुसऱ्यांदा मोजली.

"वीस. पट वीस, हजर वीस. आणि ती कुठली, सोमी? ही ना? बाळ, अंघोळ करून येत जा शाळेत." मुलं जुळली म्हणून रजिस्टर न उघडताच त्यांनी वहीत लिहिलं, खाली सही केली.

उन्नती बोलली हो मग. ओरडून बोलली, सोमी मेलीय, सोमी इथे नाही, मी खोट्या खुणा केल्या. साहेब माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मास्तर, मॅडमना दोन दिवस सुट्टी द्या. ताण आलाय त्यांना." मी मान हलवली.

शाळा वाचली. आजही चालू आहे.

चौकीत सोमीच्या आईला तो कागद वाचून दाखवला. तुमची पोर जिवंत आहे, काल शाळेत होती, साहेबांनी स्वतः पाहिलीय, लोकांवर खोटे आळ घेऊ नका. प्रकरण मिटलं. मालकाने त्याच आठवड्यात भट्टी पेटवली.

कागद वाचून दाखवला त्याच संध्याकाळी बाई शाळेत आली. मुलं घरी गेली होती. मी होतो, सुट्टी न घेता आलेली उन्नती होती. बाईने भांडण केलं नाही. उन्नतीकडे बघून एवढंच विचारलं, "कुठं बसते माजी पोर?"

उन्नतीने बोट दाखवलं.

बाई तिसऱ्या रांगेपाशी जाऊन बसली. सतरंजीवर हात ठेवला. बराच वेळ हळू आवाजात काहीतरी बोलत होती. एकदा 'चल' म्हणालेलं ऐकू आलं. मग हात ओढल्यासारखं केलं… एकदा… दोनदा.

"येत नाय," ती आम्हाला म्हणाली. "म्हनते, बाईंनी थांब सांगलाय."

उन्नती तिथेच खाली बसली.

बाई उठली, आमच्याकडे न बघता बाहेर पडली. दारातल्या उजेडात मला तिचा उजवा हात दिसला. कोपरापर्यंत ओल्या चिखलाने माखला होता.

मी पुढे होऊन सतरंजी चाचपली. कोरडी होती.