रोदिओनचं याक

शेगडीत अजून एक लाकूड सरकव, युरा, आणि नीट ऐक. हे ऐकीव नाही. आपल्या गेन्नादीच्या बाबतीत घडलंय, गेल्या वर्षी सतरा फेब्रुवारीच्या रात्री.

त्याची आई झिनाईदा शेवटच्या दुखण्यात होती. वेदना थांबवायची इंजेक्शनं संपली, म्हणून तो पलीकडच्या गावच्या नर्सकडे गेला. बायको रायसा आईजवळ थांबली. इंजेक्शनं मिळाली, नर्सने चहाही पाजला. परतताना धुकं उतरलं, तेव्हा त्याने जवळची वाट धरली. जुन्या लष्करी धावपट्टीवरून.

तुम्ही पोरं तिथेच गाडी शिकता. झिनाईदाचा बाप रोदिओन त्या तळावर वैमानिक होता. लढाईनंतर जुन्याच याक विमानाचा पंखा काढून त्याला जेट इंजिन बसवलं होतं. गावातल्या बाया म्हणायच्या, नाक कापलं आणि पोटाखाली भट्टी लावली. जाळ इतका, की शेपटाला रबरी चाक टिकेना, पोलादाचं घातलं. आणि टाकीत इंधन थोडंच मावायचं. १९४९च्या फेब्रुवारीत रोदिओन वर गेला आणि मागे धुकं दाटलं. गावाने त्याला वर घिरट्या घालताना ऐकलं. मग आवाज थांबला. विमान कुठेच सापडलं नाही. त्याची बायको तेव्हा पोटुशी होती. त्याला सांगायचं राहूनच गेलं.

तर, गेन्नादी धावपट्टीच्या मध्यावर आला आणि गाडी बंद पडली.

धुक्यात दोन्ही कडांना कंदील पेटले. मागून शीळ आली... मग घरघर. काँक्रीटवर पोलाद घासलं. ठिणग्या उडाल्या. मग सगळं गप्प.

काचेपाशी एक पोरगा उभा. डोक्याला चामड्याची टोपी. चोविशीचा असेल. चेहरा घरातल्या फोटोतला.

"काका, जरा उशीर झाला," तो म्हणाला. "घरून काही कळवलंय का?"

गेन्नादीच्या तोंडून कसंबसं निघालं, "कळवलं... तुम्हाला मुलगी झाली."

पोरग्याने हातमोजा घातलेला हात काचेवर टेकवला.

"कुठे असते?"

गेन्नादीने मला शपथेवर सांगितलं, हात आपोआप उठला. त्याने घराकडे बोट केलं. पोरगा तिकडे वळला... एकेक कंदील विझत गेला.

गाडी सुरू झाली. त्याने ती कशी हाणली, त्यालाच ठाऊक. दाराला आतून कडी होती. अंगणातल्या बर्फावर एक पाऊल नव्हतं. रायसाने दार उघडलं, तिचे ओठ पांढरे पडले होते. ती स्वयंपाकघरात असताना सासूबाई कोणाला तरी स्वच्छ आवाजात म्हणाल्या होत्या...

"केवढा उशीर केलात."

एवढंच. ती धावत गेली, तोवर झिनाईदा संपली होती. खोलीत कोणी नव्हतं. तिच्या मुठीत चामड्याचा एक हातमोजा होता, पुरुषाचा. मूठ सोडवता आली नाही.

गेन्नादी अजून मला विचारतो, मी बोट केलं नसतं तर?

तिसऱ्या दिवशी तिला पुरलं. जमीन गोठलेली, पहारीने फोडावी लागली. शवपेटीवर झाकण ठेवण्याआधी मी तिच्या मुठीवर हात ठेवला.

बोटं बर्फ झाली होती.

हातमोजा गरम होता.