पन्नासावी सही

गल्लीत सगळे तिला नर्सबाई म्हणत. त्या दुपारी ती निघाली ती फक्त एका सहीसाठी. गल्ली पाडून उभ्या राहणाऱ्या बिल्डरच्या वीस मजली इमारतीवर हरकत घ्यायला पन्नास घरांच्या सह्या हव्या होत्या, त्याही आज पाचच्या आत. एकोणपन्नास झाल्या होत्या. दोन वर्षं चपला झिजवून गल्लीच्या हाती एवढंच उरलं होतं.

पन्नासावं घर पेंटरकाकांचं. आठवडाभर ते दवाखान्यात होते, पण आज त्यांचं दार उघडं दिसलं. आत टर्पेंटाइनचा वास, आणि त्याखाली आणखी एक, तिच्या ओळखीचा, वॉर्डातला. काका भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"काका, कधी आलात?"

"आलो..."

"एवढी सही करा. तुमच्यावाचून घोडं अडलंय."

काकांनी पेन घेतलं. पेन रेघेवर टेकेना, म्हणून तिनं मनगट धरलं. जन्म वॉर्डात काढलेली बाई ती. बोटं आपसूक नाडीवर गेली.

नाडी लागेना.

"उशीर केलास, पोरी..." काका हळूच म्हणाले. सही मात्र केली.

कागदाची घडी करून ती बाहेर आली. कोपऱ्यावर काकांच्या मुलाचा फोन आला. "मावशी, बाबा गेले... आज पहाटे, दवाखान्यातच."

तिनं कागद उलगडला. शाई ओली होती. मेलेल्याची सही चालत नाही हे तिला ठाऊक होतं. तरी ती कचेरीकडे चालत राहिली. दुसरं करणार काय?

कारकुनानं अर्ज वाचला न वाचला, तोच परत सरकवला. "आता कसली हरकत? सगळ्यांच्या संमत्या आल्यात. तुमचीसुद्धा."

"मी दिली नाही."

"असं काय करता, बाई? सकाळी अकराला तुम्ही आणि ते पेंटर त्या बाकावर बसला होतात. सह्या माझ्यासमोर केल्यात."

त्यानं कागद दाखवला. अक्षर तिचंच होतं. अकराला ती गल्लीत दारोदार फिरत होती... निदान तिला तसं आठवत होतं.

"आणि ही घ्या," त्यानं खणातून किल्ली काढली. "बाकावर विसरलात."

किल्लीवर बिल्डरच्या इमारतीचं नाव आणि चौदाव्या मजल्याचा नंबर होता. वर्षानुवर्षं वापरून किल्लीचे दात पार झिजले होते.

इमारतीचा पाया अजून खणायचा होता.