फिलो मावशीची हाक

ज्या बाईच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मावशी आहे. ऐकीव गोष्ट नाही ही. त्या दिवशी तिथे असलेल्या चारही माणसांशी मी स्वतः बोलले आहे. गावांची नावं तेवढी बदलली आहेत, कारण ती माणसं अजून तिथेच राहतात.

ऑगस्टमधला गुरुवार. मानाबी प्रांताचा समुद्रकिनारा. दुपारचे तीन.

हो, दुपारचे. रात्र नव्हती.

मावशीचं नाव फिलोमेना. बावीस वर्षं तिने त्या किनाऱ्यावरच्या शाळांत शिकवलं, मग निवृत्त होऊन ग्वायाकिल शहरात आमच्याकडे राहायला आली. त्या वर्षी तिने मनावर घेतलं की जुन्या मैत्रिणींना एकदा भेटून यायचंच. बसने किनाऱ्याकिनाऱ्याने वर जायचं, एकेका घरी दोन दिवस राहायचं. पहिलं घर पुंता वियेहा गावातल्या देलियाचं. सहा वर्षांत भेट नव्हती. फोन नंबरही बदललेला. मावशीने ठरवलं, न सांगता जाऊन दारात उभं राहायचं.

बसमधून उतरली तेव्हा आभाळ करडं होतं. बारीक भुरभुर चालू होती. ऑगस्टमध्ये आमच्याकडे ऊन नसतंच.

गल्लीत शिरल्यावर एक बाई कपडे वाळत घालताना दिसली. मावशीने तिला ओळखलं, हात केला.

बाईने हातातला पिळा तसाच बादलीत टाकला... आणि आत जाऊन कडी लावली.

पुढच्या घराचीही कडी वाजली.

मग त्यापुढच्या...

कुत्री खांबांवर उभारलेल्या घरांखाली अंग चोरून बसली होती. एकही भुंकलं नाही.

मावशीला वाटलं, आपल्याला कुणी ओळखत नाहीये. ती देलियाच्या फाटकाशी पोचली, बॅग खाली ठेवली आणि नेहमीसारखी खणखणीत हाक मारली.

"देलियाऽऽ! अगं देलियाऽऽ!"

ओ आली नाही.

आत खुर्ची पडल्याचा आवाज झाला. मग झटापट. मग काहीच नाही...

आणि दगड आला.

तो तिच्या कपाळाला लागला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. फाटक धरून ती सावरली तेव्हा दारात देलियाचा नवरा ओनेसिमो उभा होता. एका हातात कोयता. दुसऱ्या हाताने त्याने देलियाचं तोंड घट्ट दाबून धरलं होतं.

"निघ! चालती हो! ही नाही मिळायची तुला!"

"ओनेसिमो, अरे मी फिलो! शाळेतली बाई!"

"माहितीये. दर वेळी फिलोच असतेस!"

तो पायऱ्या उतरून कोयता उगारत आला. मावशीला पळताही येईना. तेवढ्यात देलिया मागून ओरडली, "थांब! रक्त बघ. रक्त येतंय तिला."

ओनेसिमो थबकला. त्याने मावशीच्या कपाळावरून बोट फिरवलं. बोटाकडे पाहिलं. वास घेतला.

मग कोयता खाली केला आणि तिला आत येऊ दिलं. माफी मात्र मागितली नाही.

त्या घरात पाहुणा आला की आधी चूल पेटायची. शेंगदाण्याचं वाटण लावलेलं माशांचं कालवण रटरटायला लागायचं, आणि पाहुणा नको नको म्हणेपर्यंत ताटलीत केळ्याचे काप पडत राहायचे. त्या दिवशी चूल थंड होती. पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. ओनेसिमोने कोयता टेबलावर ठेवला आणि हात कोयत्यावर.

"सेनोबिया काकू कुठायत?" मावशीने विचारलं. सेनोबिया म्हणजे देलियाची आई. "आणि तुझा एलियास?"

देलिया मग सांगायला लागली. डोळ्यांत टिपूस नाही.

"एप्रिलमध्ये आलीस तू. अशीच दुपार होती. हीच बॅग, हाच अंबाडा. फाटकातून आईला हाक मारलीस. आई हरखली. 'आले गं बाई, आले!' म्हणत चप्पल न घालता गेली. मी खिडकीतून पाहिलं, दोघी हात धरून किनाऱ्याकडे निघाल्या होत्या. मला वाटलं, म्हाताऱ्या जीवाला फिरवून आणतेय. मी तुझ्यासाठी भात टाकला..."

तिने थंड चुलीकडे पाहिलं.

"चौथ्या दिवशी आई खडकात सापडली."

"देलिया, मी एप्रिलमध्ये—"

"जूनमध्ये परत आलीस. एलियासला हाक मारलीस. तो अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. 'ओ, बाई!' म्हणाला आणि उडी मारून उठला. एकोणीस वर्षांचं पोरगं माझं. मी मागे धावले, ओरडले. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. तो तर सापडलाही नाही."

मावशीला हुंदका आवरेना. "मी ग्वायाकिलमध्ये होते गं. शपथ घेते. मला कळवलं का नाहीस?"

"कुणाला कळवू? तुला?"

देलिया हसली. ते हसणं मावशी अजून विसरलेली नाही.

"त्याला वाचायला तू शिकवलंस, फिलो. तुझ्या हाकेला तो ओ देणारच होता." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आज ह्याने माझं तोंड दाबलं नसतं ना, तर मीही दिली असती. कळूनसवरून. निदान पोरगं कुठे गेलं ते तरी दिसलं असतं."

ओनेसिमो उठला. "ऐकलंस? सव्वाचारची बस आहे. तू खरी असशील, मी नाही म्हणत नाही. पण तोंड तेच आहे. ते माझ्या बायकोसमोर नको."

"ओनेसिमो, निदान काकूंच्या थडग्यावर—"

"गावात कुठेच थांबायचं नाही!"

तो तिच्या मागे दहा पावलं ठेवून बसपर्यंत आला. कोयता घेऊन. बस हलली तरी तो रस्त्यात तसाच उभा होता.

ग्वायाकिलची बस दुसऱ्या दिवशीच मिळणार होती. म्हणून मावशी पुढच्या मैत्रिणीकडे निघाली. लास गार्सास गावची नार्सिसा. खाडीच्या तोंडाशी तिचं घर. नवरा तुलिओ होडीवाला. बसमध्ये पावणेदोन तास मावशी कपाळाला रुमाल लावून रडत होती, आणि एकच ठरवत होती.

हाक मारायची नाही.

सहा वाजता ती पोचली. उजेड होता अजून. तिने बोटांनी दार वाजवलं. हळूच.

नार्सिसाने दार उघडलं. हाताला माशाचे खवले चिकटलेले.

"झालं? एवढ्यात परत? आणि तुलिओ कुठाय?"

मावशीने रस्त्याकडे बोट दाखवलं.

"नार्सिसा... मी आत्ता येतेय. बसमधून."

"आणि हे कपाळाला काय लागलं गं? मघाशी तर नव्हतं."

मघाशी...

"मी कुणाला हाक मारली?"

"डोकं फिरलं का तुझं? तुलिओला! 'तुलिओ, माझी बॅग होडीत राहिली, जरा ये.' ताडकन उठला मेला! मी सकाळपासून सांगतेय पाण्याची टाकी भर, तर कंबर धरते त्याची. बाईंची हाक आली की लगेच तरणाताठा!"

"त्याने ओ दिली?"

"दिली की. असं काय विचारतेस?"

मावशीने हातातली बॅग वर केली.

नार्सिसाने बॅगेकडे पाहिलं. तिचं हसू हळूहळू मावळलं.

दोघी धावल्या.

ओहोटी लागली होती. खाडीचं पाणी समुद्राकडे ओढत होतं. होडी दोराला बांधलेली, रिकामी. आणि तिच्या पलीकडे, छातीभर पाण्यात तुलिओ चालला होता. घाई नाही, धडपड नाही. दुकानात निघावं तसा.

त्याच्या पुढे कुणी नव्हतं.

पण त्याचा डावा हात बाजूला, पाण्यावर उचललेला होता. मूठ मिटलेली. कुणीतरी धरल्यासारखी...

"तुलिओ! अरे तुलिओ!" नार्सिसाने टाहो फोडला.

त्याने मान वळवली नाही.

मावशी सांगते, तो क्षण सगळ्यात वाईट होता. हाक मारावी तर हीच हाक त्याला घेऊन चालली होती. न मारावी तर पाणी त्याच्या गळ्याशी आलं होतं.

तिने मारली.

"तुलिओऽऽ! मागे बघ! इकडे ये!"

तो थांबला. वळला.

आणि पलीकडून, खोल पाण्यावरून आवाज आला...

"तुलिओऽऽ, तिचं ऐकू नकोस. इकडे ये."

मावशीचाच आवाज. तोच हेल, वर्गात ओरडून थोडा बसलेला तोच घसा. नार्सिसाने गर्रकन मावशीच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते.

तुलिओने समुद्राकडे पाहिलं. मग किनाऱ्याकडे. परत समुद्राकडे. हरवलेल्या माणसासारखा. मग त्याने किनाऱ्याच्या दिशेने एक पाऊल टाकलं... नार्सिसा तोवर पाण्यात घुसली होती. तिने त्याची कॉलर धरली आणि ओढत बाहेर आणला.

वाळूवर तो आडवा पडून खोकत होता. मावशी जवळ गेली तशी नार्सिसाने हात आडवा धरला.

"तू मला बहिणीसारखी, फिलो. पण घरात येऊ नकोस. आणि माझ्या माणसाचं नाव पुन्हा तोंडातून काढू नकोस."

ती रात्र मावशीने चर्चच्या ओसरीवर काढली. सकाळी मिळेल ती बस धरून घरी आली. बाकीच्या मैत्रिणींकडे ती गेलीच नाही. देलियाकडून मावशीला पुन्हा काही कळलं नाही. मावशीनेही विचारलं नाही.

तुलिओ जिवंत आहे. होडी त्याने विकून टाकली.

डिसेंबरमध्ये त्याचा फोन आला. मावशीला नाही, मला.

"बाई घरीच असतात ना? बऱ्या आहेत?" त्याने विचारलं.

"हो. का हो, काका?"



"त्या दिवशी दोन्हीकडून हाक येत होती, पोरी. मी एकीकडे आलो. पण ती दुसरी... पाण्यातली..."

"काय?"

"ती रडत होती. अगदी जीव तोडून. 'तिचं ऐकू नकोस' म्हणून रडत होती. किनाऱ्यावरची रडत नव्हती."

मी स्वयंपाकघराकडे वळून पाहिलं.

"मी बरोबर बाईंकडे आलो ना, पोरी?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

फोन ठेवला तेव्हा मावशी स्वयंपाकघरातून मला हाक मारत होती. एकदा. दोनदा.

मी ओ दिली नाही. उठले, आणि जाऊन तिच्यासमोर उभी राहिले.

तेव्हापासून मी असंच करते.

का, असं तिने मला कधी विचारलेलं नाही.